थप्पीतली विहीर

सहदेव परब गव्हाच्या पोत्यांखाली गाडला गेला, ही बातमी त्याच्या बायकोला, प्रेमाला, रेशनच्या लायनीत कळली. भांडुपच्या टेंभीपाड्याची चढण उतरून ती सकाळीच दुकानावर आली होती. दुकानदाराने 'गहू आला नाही' ही पाटी लावून ठेवली होती, तरी बायका हलत नव्हत्या. दुपारी गाडी येणार, अशी कोणीतरी हूल उठवली होती. तेवढ्यात सहदेवच्या टोळीतला लवू धावत आला. पायात चप्पल नाही, आणि भुवयांपासून पावलांपर्यंत सगळा धुळीने पांढरा.

"वहिनी, चला. थप्पी पडली."

"कोणावर?"

 लवू आल्या वाटेने परत वळला. प्रेमाने हातातली पिशवी तिथेच टाकली आणि धावत सुटली. तिच्या मागे लायनीतल्या चार बायका निघाल्या, मग आणखी काही. टेंभीपाड्यावर निम्मी वस्ती मालवण-कुडाळकडची, सगळ्या एकमेकींना ओळखणाऱ्या. म्हातारी कृष्णाबाईसुद्धा लुगडं वर धरून निघाली. गोडाऊन आग्रा रोडच्या पलीकडेच होतं.

हे सत्त्याऐंशी सालातलं. त्या वर्षी पावसाने देशभर दगा दिला होता. रेशनवर तांदूळ आधीच कमी झाला होता, आणि दिवाळीनंतर गहूही येईनासा झाला. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या दोन्ही वेळेला भातच शिजायचा, त्या कोकणातल्या बायका आता गव्हासाठी रांगेत उभ्या राहत होत्या.

सहदेवच्या घरीही तसंच. तो मूळचा कुडाळजवळच्या एका खेड्यातला. पोरवयात मुंबईला आला आणि परळच्या एका कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद झाली, ती त्याच्यापुरती पुन्हा उघडलीच नाही. दीड-दोन वर्षं मिळेल ते काम करत तो हिंडला. असाच एकदा भांडुप स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर उभा असताना भीमराज औटी नावाच्या माणसाने त्याला हटकलं.

"गिरणीवाला ना तू?"

"कशावरनं?"

"कानात बोललं तरी ओरडून उत्तर देतोस. साच्यावरची माणसं अशीच बोलतात. ओझं उचलशील का?"

भीमराज जुन्नरकडचा. रुंद खांद्यांचा, पिळदार मिशांचा, गव्हाच्या गोडाऊनमधल्या माथाडी टोळीचा मुकादम. टोळीत सगळे त्याच्याच मुलखातले. या कोकण्याला कशाला घेतोस म्हणून ते कुरकुरले. भीमराजने कोणाचंच ऐकलं नाही. पहिल्या दिवशी सहदेव दुसऱ्याच पोत्याला गुडघ्यावर आला, तेव्हा लोक हसले. भीमराजने त्याला बाजूला नेलं.

"पोतं पाठीवर घ्यायचं नसतं लेका. पाठ पोत्याखाली द्यायची. मान सैल सोड. आणि हा लोखंडी आकडा कोपऱ्यात मार, मधोमध मारलास तर पोतं फाटंल."

सहदेव शिकला. हळूहळू टोळीतलाच झाला. दुपारच्या जेवणाला भीमराज त्याला आपल्या शेजारी बसवायचा. भीमराजची बायको सुगंधा डब्यात एक चपाती जास्त द्यायची, ती सहदेवची. कधी तिच्यातली अर्धी तो प्रेमासाठी घरी न्यायचा. गहू म्हणजे आजाऱ्याचं खाणं, नाहीतर होळीची पुरणपोळी, एवढंच सहदेवला ठाऊक. भीमराज त्याला गव्हाच्या गोष्टी सांगायचा. गव्हाला पाऊस नको, थंडी पाहिजे. थंडी नसेल तर ओंबी पोचट राहते. गावाकडे विहिरीच्या पाण्यावर जेमतेम घरापुरता गहू होतो, पण पंजाब-हरियाणात नजर पोचेल तिथपर्यंत गहूच. तिकडून रेल्वेच्या वाघिणी भरून येतात, वाघिणीतून ट्रकमध्ये, ट्रकमधून इथे.

"आणि इथून कुठे?" सहदेवने एकदा विचारलं.

"इथून तुझ्या बायकोच्या पिशवीत. ही सरकारची कणगी हाय गड्या. आपल्या घरी कशी कणगी लिंपून ठेवत्यात, वाईट सालासाठी? तशी. हितं दाणा हाय म्हणून मुंबई झोपती."

हे ऐकून सहदेवला बरं वाटलं होतं. गिरणीत असताना त्याने विणलेलं कापड कोण नेसतं, हे त्याला कधी कळलं नव्हतं. इथे आपल्या पाठीवरून गेलेला दाणा आपल्याच पाड्यावर शिजतो, ही गोष्ट तो घरी प्रेमाला कौतुकाने सांगायचा.

गोडाऊनमध्ये छपरापर्यंत पोत्यांच्या थप्प्या होत्या. वीट रचावी तशी आडवी-उभी पोती लावायची, म्हणजे पोती एकमेकांत गुंतून थप्पी पक्की उभी राहते. त्यातल्या मागच्या भिंतीकडच्या थप्पीला हात लावायचा नाही, असा भीमराजचा हुकूम होता. "राखीव माल हाय," एवढंच तो सांगायचा. ती थप्पी सहदेवने लावलेली नव्हती. टोळीला सुट्टी असताना भीमराजने बाहेरची माणसं आणून ती लावून घेतली होती. सहदेवला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुकादम सांगतो म्हटल्यावर विचारायचं काय?

थप्पी पडली त्या दिवशी भीमराज माथाडींच्या सभेला गेला होता. सकाळी सरकारी खात्यातला एक नवा साहेब ट्रक घेऊन आला. तरुण, बारीक चणीचा, घाईत. त्याने हातातली छडी मागच्या थप्पीकडे दाखवली.

"हा सगळ्यात जुना माल दिसतो. हा आधी काढा. लोक रांगेत उभे आहेत आणि इथे गव्हाला किडे लागताहेत."

गोडाऊन सांभाळणारा श्यामसुंदर पुढे झाला. "साहेब, ती राखीव आहे. पुढच्या थप्पीतला देतो ना. ताजा आहे."

"राखीव कशासाठी? यापेक्षा वाईट साल कुठलं येणार आहे?"

श्यामसुंदरच्या कपाळावर घाम आलेला सहदेवने पाहिला. "एक फोन करून येतो," असं म्हणून तो बाहेर गेला. तो त्या दिवशी परत आलाच नाही.

सहदेव शिडी लावून वर चढला. लवू शिडीवर अर्ध्यात उभा राहिला. वरच्या थराच्या मधोमध जाऊन सहदेवने पहिलं पोतं ओढायला आकडा मारला, तर पायाखालून करकर आवाज आला. लाकडाचा आवाज. पोत्यांच्या थप्पीत लाकूड कुठून आलं, असं त्याच्या मनात आलं, आणि तेवढ्यात खालची फळी मोडली.

तो खाली गेला. विहिरीत पडल्यासारखा सरळ खाली. पडताना त्याचा पाय बांबूत अडकला आणि कडकन वाजला. तो तळाला आपटला, त्याच्यामागून वरची पोती आली. एक फाटलं, दुसरं फाटलं. चारी बाजूंच्या भिंती आत झुकल्या आणि वरून गहू पाण्यासारखा यायला लागला. कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. डोक्यावर दोन फळ्या तिरप्या अडकल्या होत्या, म्हणून तोंड मोकळं राहिलं.

अंधार होता. नाकातोंडात धूळ. श्वास सोडला की छातीभोवतीचा गहू आणखी घट्ट बसायचा, मग आत घ्यायला जागाच नाही. सहदेवला पहिल्यांदा वेदना कळलीच नाही. त्याला एवढंच कळत होतं की आपण थप्पीच्या आत आहोत, आणि थप्पीला आत नसतं. थप्पी म्हणजे पोत्यावर पोतं. माणूस मावेल अशी जागा तिच्यात असेलच कशी? हात चाचपडत त्याने बाजूला नेला. बांबू लागला. मग रिकामं. मग पुन्हा बांबू. एवढ्या मोठ्या थप्पीच्या पोटात गहू नव्हताच. बाहेर पोत्यांचं एकेरी कुंपण आणि आत हवा. आता जो गहू त्याच्या अंगावर येत होता तो त्या कुंपणातलाच.

बाहेर आरडाओरडा चालला होता. साहेब मदतीसाठी फोन करायला रस्त्यावर धावला होता. लवू आणि टोळीतलाच शिवदास वरून पोती ओढत होते. प्रत्येक पोतं हललं की वरून आणखी गहू यायचा. तो आता गळ्यापर्यंत पोचला. सहदेव ओरडायला गेला, तर तोंडात दाणे.

तेवढ्यात त्याला ओळखीचा आवाज ऐकू आला. भीमराजचा. सभा लवकर आटपून तो आला होता आणि दारातूनच बोंबलत होता.

"वरनं ओढू नका! वरनं ओढू नका रे! मारताल त्याला! आत विहीर हाय! मागल्या भिंतीकडून काढा, तळाला फळीचं दार हाय, तिथनं काढा!"

एकदम सगळं शांत झालं. सहदेवला आतून वाटलं, सगळे गेले की काय. लवू नंतर सांगायचा, त्या क्षणी कोणाचाच हात हलेना. सगळे भीमराजकडे बघत राहिले. थप्पीच्या आत विहीर आहे आणि तिला दार आहे, हे याला कसं माहीत, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता. भीमराज त्यांना ढकलून एकटाच मागे घुसला. भिंत आणि थप्पी यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत तो आडवा झाला आणि पोती उपसायला लागला. आकडा घ्यायचंही त्याला सुचलं नाही. नखं तुटली तरी थांबला नाही. मग बाकीचे धावले, आणि लवू प्रेमाला बोलवायला रेशनच्या दुकानाकडे पळाला.

फळी निघाली तसा गहू भसाभस बाहेर आला, आणि गव्हाबरोबर सहदेव. भीमराजने त्याला काखेत हात घालून ओढून काढलं.

प्रेमा आणि बायका पोचल्या तेव्हा सहदेव जमिनीवर पडला होता, डोळे उघडे, तोंडातून ओली धूळ गळत होती.

"तुमी बरे आसात मां?" प्रेमा त्याच्या छातीवर हात फिरवत पुन्हा पुन्हा विचारत होती. "बोला की वो. कायतरी बोला."

"आत काय नाय गो," सहदेव म्हणाला. "आत कायच नाय."

तिला वाटलं, डोक्याला मार लागलाय. मग तिने मान वर केली. थप्पीचा एक कोपरा कोसळला होता आणि आतलं सगळं दिसत होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर फळ्या, फळ्यांवर एक थर पोती. बाकी पोकळ. आत दहा माणसं सहज बसली असती. तो नवा साहेब छडी हातात धरून त्या खिंडाराकडे बघत उभा होता. मोजणीला येणारी माणसं लांबी, रुंदी, उंची बघायची आणि गुणाकार करायची. आत कोणी कधी शिरलंच नव्हतं.

बायका दाराशी थबकल्या. आज कित्येक दिवस ज्या पाटीसमोर त्या उभ्या राहत होत्या, तिचा अर्थ त्यांना त्या खिंडारात दिसत होता.  कृष्णाबाई एवढंच म्हणाली, "एवढ्या मोठ्या पोटात दाणोच नाय?"

मग ती खाली बसली. पदर पसरला आणि सांडलेला गहू ओंजळीने त्यात भरायला लागली. एकीचं बघून दुसरी बसली. साहेबाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. भीमराज भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, रक्ताळलेले हात गुडघ्यांवर. त्याच्याजवळ कोणी गेलं नाही.

सहदेवला दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना चीर गेली होती. पाय वजनाला टांगून तो पडून राहिला. झोप लागली की त्याच्या गळ्यापर्यंत गहू यायचा आणि तो दचकून जागा व्हायचा. त्याला सगळ्यात जास्त छळत होता तो भीमराजचा आवाज. ज्याने आपल्याला पोतं उचलायला शिकवलं, ज्याच्या घरची चपाती आपण खाल्ली, त्यानेच ती विहीर बांधली होती. आणि त्याच आवाजाने आपण जगलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी भीमराज आला. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या. पोलिसांनी तोवर त्याला धरलं नव्हतं. टोळीतल्या सगळ्यांनी जबाब दिला होता: गडबडीत कोण काय ओरडलं ते ऐकू आलं नाही. तो स्टुलावर बसला आणि सहदेवच्या टांगलेल्या पायाकडे बघायला लागला.

"कित्याक केलास, भीमराज?" सहदेवने विचारलं. रागावला की तो मालवणीतच बोलायचा.

"श्यामसुंदर म्हणला, एकदाच. न्हाय म्हणालास तर दुसरी टोळी लावतो. मी पोकळ थप्पी लावून दिली. माल कुठं गेला ते बी मी इचारलं न्हाय. वर्ष चांगलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता रे. त्या दारातनं नव्या मालानं भरून टाकणार व्हतो."

"वर्ष चांगला असता तर कणगी लागतेच कशाला?"

भीमराज खाली वाकून म्हणाला, "उद्या फौजदार येईल. तू आत व्हतास. तुला काय ऐकू येणार? एवढंच सांग. पोरांनी सांभाळून घेतलंय. सुगंधाला अजून काय माहीत न्हाय."

प्रेमा पलंगाच्या पलीकडे उभी होती. तिच्या हातात पाण्याचा पेला होता. भीमराज गेल्यावर तिने विचारलं, "काय सांगशात?"

"ठाव नाय."

"तेनी तुमका भायर काढल्यान."

"व्हय. आणि तेनीच आत घातल्यान."

"माका तर कोणाचा तोंडच बघूचा नाय," प्रेमा म्हणाली आणि पेला खाली ठेवला. "मी तेच्या बायलेच्या हातचा तुमच्याबरोबर खाल्लंय. आता तिचा काय जाताला?"

फौजदार आला तेव्हा सहदेवने सगळं सांगितलं. थप्पीला हात लावायचा नाही हा हुकूम, लाकडाचा आवाज, आतले बांबू, आणि भीमराज काय ओरडला ते शब्दाला शब्द. फौजदार लिहीत होता. सहदेव म्हणाला, "साहेब, तो ओरडला नसता तर मी मेलो असतो. तो ओरडला नसता तर तुम्हाला कधी कळलंही नसतं कोणी बांधली ती. हेही लिहा. दोन्ही लिहा."

"बघतो," फौजदार म्हणाला. त्याने पहिलं लिहिलं. दुसरं लिहिलं की नाही, ते सहदेवला तेव्हा कळलं नाही.

भीमराजला त्याच संध्याकाळी नेलं. श्यामसुंदर नंतर सापडला, पण जामिनावर सुटून पुन्हा दिसेनासा झाला. गोडाऊनला कुलूप पडलं, आणि टोळीचं काम गेलं. पाड्यावर आलेला लवू सहदेवला भेटून गेला, पण उंबऱ्याच्या बाहेरूनच. "तुझं बरोबर होतं," तो म्हणाला, "पण आता आमची वाट लागली ना." बाकी कोणी आलं नाही. सुगंधा एकदा आली. प्रेमाला वाटलं, आता ही शिव्याशाप देईल. ती दारात उभी राहिली, घरात नजर फिरवली आणि विचारलं, "पाय बरा हाय का आता?" प्रेमाने तिला आत बोलावलं, तर ती चहासुद्धा न घेता निघून गेली. काही महिन्यांनी ती जुन्नरला माहेरी गेल्याचं कळलं.

खटला उभा राहायला वर्ष उलटलं. कुबडी घेऊन सहदेव कोर्टात गेला. तिथे त्याच्या जबाबाचा कागद वाचून दाखवला, त्यात भीमराजने त्याला वाचवल्याचं एक अक्षरही नव्हतं. सहदेव साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून ओरडला, अगदी साच्यावरच्या माणसासारखा. "हे अर्धं आहे! यानं मला बाहेर काढलं! हाताची नखं गेली त्याची तेव्हा!" न्यायाधीशांनी त्याला शांत केलं, आणि मग तेही लिहून घेतलं. शिक्षा झाली, पण थोडी कमी झाली, असं वकील म्हणाला.

कोर्टाबाहेर, पोलिसांची गाडी यायच्या आधी, भीमराज बाकावर बसला होता. सहदेव त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. 

"तुझ्यामुळं कमी झाली," भीमराज म्हणाला.

"तुझ्यामुळे मी जगलो."

भीमराजने मान हलवली. "तू मला देव बनवू नको गड्या. मला ओरडायचंच नव्हतं. दारात आलो, लवूनं तुझं नाव घेतलं, आणि तोंडातनं निघून गेलं. आत दुसरा कोण असता, बाहेरच्या टोळीतला, ज्याचं नाव बी मला ठाऊक न्हाय असा, तर मी ओरडलो असतो का? रोज इचार करतो. मला खात्री देता येत न्हाय."

 विहिरीत गळ्यापर्यंत गहू चढला तेव्हाही सहदेवला एवढी भीती वाटली नव्हती, असं तो सांगायचा. गाडी आली, भीमराज चढला. सहदेव तिथेच, कुबडीवर भार टाकून, गर्दी पांगेपर्यंत उभा राहिला.

पोतं उचलणं आता शक्य नव्हतं. टेंभीपाड्यावरच्या पिठाच्या गिरणीत त्याला बसून काम मिळालं. डबे घ्यायचे, दळण टाकायचं, पीठ भरून द्यायचं. अठ्ठ्याऐंशी साली पाऊस भरभरून झाला, दुकानावरची पाटी निघाली आणि गहू येऊ लागला. पाड्यावरच्या बायका आता सरावाने चपात्या लाटत होत्या. पोरं भात नसला तरी कुरकुरत नव्हती. गिरणीवर दळणाला येणारी कोणीतरी मधूनच विचारायची, "सहदेवभाऊ, ती थप्पी खरंच पोकळ होती?" त्याने 'होय' म्हटलं की ती डबा कडेवर घेऊन क्षणभर तशीच उभी राहायची, आणि मग पीठ नीट भरलंय ना, हे झाकण काढून पाहायची. सहदेवला त्याचा राग येत नसे. तोही दळण टाकण्याआधी प्रत्येक डब्यात तळापर्यंत हात घालून बघत असे.